आधी बोर्डाला विचारा : डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय तसा छोटा आहे, पण त्यात पैसे वाया जायच्या वाटा बऱ्याच आहेत. घरात, दुकानात किंवा ऑफिसात सात-आठ वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप असतो. चालतो, पण दमतो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ टाकायला जावं, तर मशीन सांगतं की हा प्रोसेसर चालणार नाही. मग प्रश्न पडतो, अख्खं मशीन भंगारात काढायचं, की नुसता प्रोसेसर बदलून भागेल?

याचं उत्तर कधी ‘हो’ असतं, कधी ‘नाही’. ते कशावरून ठरतं, हे समजायला आपण दोन मशीन समोर ठेवू. दोन्ही २०१७ सालच्या सुट्या भागांची.

पहिलं मशीन : एएमडीचा रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. दुसरं मशीन : इंटेलचा कोअर आय५-७४००, बी२५० चिपसेटचा बोर्ड आणि रॅम तेवढीच. दोन्ही आपापल्या वेळची मधल्या दर्जाची. आणि दोन्हींचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. आज यातलं एक मशीन प्रोसेसर बदलून पुन्हा उभं राहू शकतं, दुसरं नाही. असं का?

सॉकेट : पहिली अट, पण शेवटची नव्हे

प्रोसेसर बोर्डावर ज्या चौकोनी बैठकीत बसतो, ती म्हणजे सॉकेट. एएमडीच्या त्या सॉकेटचं नाव एएम४. त्यात प्रोसेसरच्या खालच्या बाजूला १३३१ बारीक पिना असतात आणि त्या सॉकेटच्या भोकांत बसतात. इंटेलच्या दुसऱ्या मशीनचं सॉकेट एलजीए ११५१. तिथे उलटं आहे, पिना बोर्डावर आणि प्रोसेसरच्या खाली सपाट ठिपके.

सॉकेट जुळलं नाही तर विषय संपला. एएम४ चा प्रोसेसर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये बसत नाही, एएम५ चा एएम४ मध्ये बसत नाही. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. गफलत पुढे होते. सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालणार, असं आपण धरून चालतो.

आपलं दुसरं मशीन घ्या. आय५-७४०० ही इंटेलची सातवी पिढी. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी बाजारात आली, तीही एलजीए ११५१ मध्येच. नाव तेच, ठिपके तेवढेच. पण इंटेलने वीज पुरवणारे काही ठिपके वाढवले आणि आठव्या पिढीसाठी ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला. बी२५० बोर्डात आय५-८४०० हाताने छान बसतो, पण मशीन सुरू होत नाही. आजही सेकंडहँड बाजारात ‘११५१ सॉकेट’ एवढंच लिहून हे प्रोसेसर विकले जातात. घेणारा सॉकेट बघतो आणि फसतो.

म्हणजे त्या बोर्डावर जास्तीत जास्त काय चालेल? सातव्या पिढीचाच वरचा प्रोसेसर, आय७-७७००. आता ४ कोअर आणि ४ थ्रेड आहेत, तिथे ४ कोअर आणि ८ थ्रेड मिळतील. वेग थोडा वाढेल. पण तोही विंडोज ११ च्या यादीत नाही. ज्या कारणासाठी खर्च करायचा, तेच साधत नाही.

चिपसेट आणि बायोस : बोर्डाची ओळखपरेड

आता पहिल्या मशीनकडे या. एएम४ सॉकेट एएमडीने बरीच वर्षं चालवलं. २०१७ चा रायझन १००० त्यातच आणि २०२० च्या अखेरीस आलेला रायझन ५००० ही त्यातच. मग बी३५० वर रायझन ५००० चालायला हवा ना? गंमत अशी की सुरुवातीला तो चालत नव्हता. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की या नव्या पिढीला ५०० मालिकेचाच चिपसेट लागेल. ग्राहकांनी ओरड केल्यावर ४०० मालिकेला परवानगी मिळाली. ३०० मालिकेसाठी, म्हणजे आपल्या बी३५० साठी, मार्च २०२२ उजाडला.

आता बघा, बोर्ड तोच, सॉकेट तेच, तांब्याच्या तारा त्याच. मग २०२२ मध्ये बदललं काय? बायोस.

बायोस म्हणजे बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम. बटण दाबल्यावर विंडोजच्या आधी तो जागा होतो. समोर कोणता प्रोसेसर बसलाय, त्याला किती व्होल्ट द्यायचे, रॅमशी कसं बोलायचं, हे सगळं त्यालाच माहीत असावं लागतं. २०१७ च्या बायोसला २०२२ चा प्रोसेसर ओळखता येणं शक्यच नाही. तुम्ही तो बसवलात तर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. प्रोसेसर बिघडलेला नसतो, बोर्ड त्याला ओळखत नसतो, इतकंच.

आणखी एक बारकावा आहे. जुन्या कित्येक बोर्डांवर ही चिप फक्त १६ एमबीची आहे. सगळ्या पिढ्यांची माहिती तीत मावत नाही. म्हणून काही नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट काढून टाकलेला असतो. तेव्हा अपडेट करण्याआधी त्या आवृत्तीची टीप शेवटपर्यंत वाचायची. ‘आधी अमुक आवृत्ती टाका, मग ही’ असंही तिथे लिहिलेलं असू शकतं.

तर सगळ्यात भरवशाचा कागद कोणता? दुकानदाराचा शब्द नव्हे, व्हिडिओ नव्हे आणि प्रोसेसरचं खोकंही नव्हे. तुमच्या बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डाच्या पानावर ‘सीपीयू सपोर्ट’ नावाची यादी असते. त्यात प्रत्येक प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि त्यासमोर कोणत्या बायोसपासून तो चालतो, हे दिलेलं असतं. यादीत नाव आहे तर पुढे जा. नाही तर थांबा.

आपला बोर्ड कोणता, हे बघायला कॅबिनेट उघडायचीही गरज नाही. विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. तिथे बेसबोर्डचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दोन्ही दिसतात. फक्त एकाच नावाच्या बोर्डाचे कधीकधी दोन-तीन ‘रिव्हिजन’ निघालेले असतात आणि त्यांचे बायोस वेगळे असतात. तो आकडा मात्र बोर्डावरच छापलेला असतो.

वीज : जी यादीत नीट दिसत नाही

समजा, आपल्या बी३५० च्या यादीत रायझन ५ ५६०० पासून १६ कोअरच्या रायझन ९ ५९५०एक्स पर्यंत सगळे आहेत. मग मोठाच का घेऊ नये?

एसएमपीएसमधून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. हे रूपांतर प्रोसेसरच्या शेजारचे छोटे चौकोनी भाग करतात, त्यांना व्हीआरएम म्हणतात. आता शाळेतलं गणित आठवा : वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. खोक्यावर ६५ वॉट लिहिलेल्या प्रोसेसरला भरपूर काम असताना सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत ओढायची मुभा असू शकते. १.२ व्होल्टने भागलं तर ७३ अँपिअर. १०५ वॉट लिहिलेला प्रोसेसर १४२ वॉटपर्यंत जातो, म्हणजे जवळपास ११८ अँपिअर. हिशेब ढोबळ आहे, पण अंदाज येतो. घरातल्या गीझरला यापेक्षा कितीतरी कमी अँपिअर लागतात.

आता स्वस्तातल्या ए३२० किंवा साध्या बी३५० बोर्डावर व्हीआरएमचे भाग मोजके असतात आणि कित्येकदा त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळाही नसतो. त्यावर १०५ वॉटचा प्रोसेसर बसवला तर तो सुरू होईल, पण दहा मिनिटं व्हिडिओ एडिटिंग केलं की व्हीआरएम तापेल आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणेल. पैसे १६ कोअरचे दिले आणि काम मिळालं निम्मं, असं होतं. म्हणून जुन्या, साध्या बोर्डासाठी ६५ वॉटच्या घरातच राहावं. ६ कोअरचा ५६०० किंवा ८ कोअरचा ५७००एक्स, दोन्ही त्यातच येतात. बोर्डाच्या यादीत रायझन ५००० नसेल, तर ३००० मालिकेतला रायझन ५ ३६०० आहे का बघा. तोही ६५ वॉटचाच, आणि विंडोज ११ ला चालतो.

कूलर, रॅम, डिस्प्ले

या तिन्ही गोष्टी पटकन सांगतो, पण यातली एकेक वस्तू विसरली की रविवार वाया जातो.

कूलर : रायझन ५ ५६०० च्या खोक्यात कूलर येतो. ५७००एक्स आणि ५८००एक्स बरोबर येत नाही. ‘ट्रे’ म्हणून सुटा विकला जाणारा प्रोसेसर असेल तर त्यासोबतही येत नाही. जुना कूलर चालणार असेल तरी थर्मल पेस्ट नवीच लावायची. इंटेलवाल्यांसाठी एक टीप : एलजीए ११५१ आणि १२०० या सॉकेटांच्या कूलरची भोकं सारख्या अंतरावर आहेत, पण बाराव्या पिढीपासूनच्या एलजीए १७०० ला ते अंतर बदललं. जुना कूलर तिथे वेगळ्या पट्टीशिवाय बसत नाही.

रॅम : बोर्ड तोच असेल तर रॅमचा प्रकारही तोच. डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही, खाचेची जागाच वेगळी असते. रायझन १००० अधिकृतपणे २६६६ वेगापर्यंतची रॅम चालवायचा, ५००० मालिका ३२०० पर्यंत चालवते. तेव्हा जुनी रॅम चालेल. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडणं हा चांगला खर्च. दोन पट्ट्या एकत्र काम करतात तेव्हा प्रोसेसरला माहिती दुप्पट रुंद वाटेने मिळते.

डिस्प्ले : इथे एका अक्षराने घात होतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५००० मध्ये उलट, ‘जी’ असेल तरच असतं. म्हणजे ५६०० ला वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं, ५६००जी ला नको. आपल्या पहिल्या मशीनमध्ये कार्ड आहे, म्हणून काळजी नाही.

काम कोणत्या क्रमाने करायचं

भाग बरोबर निवडले तरी क्रम चुकला की मशीन अडकतं. म्हणून हा क्रम लिहून ठेवा.

१. खरंच प्रोसेसर कमी पडतोय का, ते बघा. टास्क मॅनेजर उघडून नेहमीचं काम करा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली तर आधी एसएसडी बसवा. रॅम भरलेली दिसली तर रॅम वाढवा.

२. बॅकअप घ्या. ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. एएमडीच्या मशीनमध्ये सुरक्षेच्या किल्ल्या बहुधा प्रोसेसरमधल्या टीपीएमशी बांधलेल्या असतात. प्रोसेसर बदलला की बायोस विचारतो, ‘जुन्या किल्ल्या पुसू का?’ रिकव्हरी की नसताना ‘हो’ म्हणालात तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येत नाही. आजच्या व्याख्यानातलं बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका.

३. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा. फाइल बोर्डाच्या कंपनीच्याच पानावरून घ्या आणि पेनड्राइव्हवर टाकून बायोसच्या आतूनच अपडेट चालवा. मध्येच लाईट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो, म्हणून यूपीएसशिवाय हे करू नका. आपल्याकडे पावसाळ्यात तर नाहीच.

४. जुन्याच प्रोसेसरवर मशीन पुन्हा सुरू करून नवी आवृत्ती आली का ते बघा. फक्त आधीच्या टिपेत तुमच्या जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढल्याचं लिहिलं असेल, तर ही पायरी जमणार नाही. मग नवा प्रोसेसर हातात असल्याशिवाय अपडेटला हात लावू नका.

५. मग मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून जरा गरम करा, बंद करा, प्लग काढा. एएम४ मध्ये जुनी पेस्ट वाळून कूलर आणि प्रोसेसर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर कुलूप लागलेलं असतानाही उपसून येतो आणि पिना वाकतात. ऊब असताना कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवायचा, सुटला की उचलायचा.

६. नवा प्रोसेसर कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवून ठेवायचा. दाबायचा नाही. तो स्वतःच्या वजनाने बसतो. बसत नसेल तर काहीतरी चुकतंय.

७. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतो, कारण बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. काही मिनिटं धीर धरा. मग बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू करा. जुनं विंडोज ‘लेगसी’ पद्धतीने टाकलेलं असेल तर विंडोज ११ च्या आधी डिस्कची मांडणीही जीपीटी करून घ्यावी लागते.

मग निर्णय कसा घ्यायचा?

आपली दोन मशीन पुन्हा बघा. पहिल्यात एक प्रोसेसर बदलला, बहुतेक एक रॅमची पट्टी जोडली. कॅबिनेट, बोर्ड, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड तेच. वेग चांगलाच वाढला आणि विंडोज ११ चालू झालं. हे खरं अपग्रेड.

दुसऱ्यात विंडोज ११ साठी प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदलावा लागतो. नवा बोर्ड डीडीआर५ चा घेतला तर रॅमही. म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम. हे तिन्ही बदलत असतील तर त्याला अपग्रेड म्हणू नका. ते नवं मशीन आहे आणि त्याचा हिशेब नव्या मशीनसारखाच करायचा. तोवर जुन्या मशीनला एसएसडी आणि लिनक्स देऊन ते मुलांच्या अभ्यासाला किंवा दुकानाच्या हिशेबाला वापरता येतं. लिनक्सला ही प्रोसेसरची यादी लागू नाही.

२०१७ मध्ये या दोन मशीनमधून निवड करणाऱ्याला हे दिसत नव्हतं. दोघांनी जवळपास सारखेच पैसे घातले होते. फरक पडला तो बोर्ड पुढे किती वर्षं नवे प्रोसेसर घेणार, याने. म्हणून पुढच्या वेळी नवं मशीन घेताना प्रोसेसरच्या वेगाइतकंच हेही विचारा, की या सॉकेटवर पुढच्या पिढ्या येणार आहेत का.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, लॅपटॉपचा प्रोसेसर असा बदलता येतो का?*

नाही म्हटलं तरी चालेल. हल्लीच्या जवळपास सगळ्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो. तिथे एसएसडी आणि, खाच असेल तर, रॅम एवढंच.

*लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड प्रोसेसर घेतला तर चालेल का?*

घ्यायला हरकत नाही. प्रोसेसर सहसा झिजत नाही. दोन गोष्टी बघा. एएम४ चा असेल तर उलटा धरून पिनांच्या रांगा तिरक्या नजरेने बघा, एकही वाकलेली दिसता कामा नये. दुसरं, ‘प्रो’ लिहिलेले रायझन जरा जपून घ्या. त्यातले काही ब्रँडेड मशीनमधून काढलेले असतात आणि त्या कंपनीच्या बोर्डाशी कायमचे जखडलेले असतात. दुसऱ्या बोर्डावर ते सुरूच होत नाहीत. बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घ्या.

*माझं मशीन असेंबल केलेलं नाही, कंपनीचं आहे.*

मग जास्त सावध राहा. चिपसेट तोच असला तरी ब्रँडेड मशीनच्या बायोसमध्ये सहसा त्या मॉडेलबरोबर विकलेलेच प्रोसेसर असतात. नियम तोच, त्या मॉडेलची यादी बघा. एसएमपीएस आणि कूलरही कित्येकदा त्यांच्याच मापाचे असतात.

*प्रोसेसर बदलल्यावर विंडोजचं लायसन्स जातं का?*

सहसा नाही. ते मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलला तर मात्र मशीनबरोबर आलेलं लायसन्स नव्या बोर्डावर चालत नाही. खर्चाचा हिशेब करताना तेही धरा.

*आणि बायोस चुकीचा पडलाच तर?*

काही बोर्डांच्या मागे ‘फ्लॅशबॅक’ नावाचं बटण असतं. त्याने प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतो. तुमच्या बोर्डाला ते आहे का, हे आज घरी गेल्यावरच बघून ठेवा. नसेल तर जाणकार दुरुस्तीवाल्याकडे ती चिप बाहेरून लिहिता येते.

वेळ संपली. घरी जाऊन एवढंच करा, बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.